पोत्यावरचं कुत्रं आणि दारातलं कुत्रं

"आक्का, जेवणं झाली का? नाही, सहज विचारलं. काल दुपारी वरच्या आळीत विजूच्या दारात टेम्पो लागला होता, बघितलात का?"

"बघितला तर! मला वाटलं, पोराचं लगीन ठरलं, कपाट-बिपाट आलं."

"कुठलं लग्न! कुत्र्याचं खाद्य आलंय. परदेशी. बारा किलोचं पोतं. आणि किंमत ऐकाल तर हातातलं सूप खाली ठेवाल. त्याची आई काल गिरणीत भेटली, पीठ दळून होईपर्यंत तेच सांगत होती. साडेनऊ हजार!"

"साडेनऊ? अगं, तेवढ्यात शेळी येती!"

"चांगली दुभती येते. पण विजूला शेळी नकोय, त्याला पोत्यावरचं चित्र आवडलंय. लांब कानांचं एक कुत्रं, तोंडात रंगीबेरंगी पक्षी, मागं धुकं आणि गवत. आणि आकडे हे एवढे मोठे, 30 आणि 20. म्हणतो, काकू, हे खास शिकारी कुत्र्यांचं आहे, आपलं करवानी शिकारीच की."

"मग खोटं काय बोलला? आमच्या मामंजींच्या सर्जानं एका सकाळी दोन ससं आणल्याती, मी स्वतः साफ केल्याती."

आक्कांचे मामंजी हा विषय एकदा निघाला की आवरत नाही. घरात करवानी कुत्र्यांची तिसरी-चौथी पिढी. सध्याचा कुत्राही सर्जाच, कारण त्यांच्याकडं प्रत्येक कुत्रा सर्जा आणि प्रत्येक कुत्री राणी. आमचं तारेचं कुंपण मध्ये नसतं तर दोघंही दिवसभर आमच्याच ओट्यावर पडलेले असते. मी म्हटलं, "आक्का, ससा म्हणालात ते हळू म्हणा. 1972 चा वन्यजीव कायदा आहे. आता ससा मारला तरी गुन्हा."

"म्हाईत हाय गं. त्या टायमाला कुणाला म्हाईत होतं?"

"तेच तर सांगतेय. त्या पोत्यावरचं कुत्रं ज्या कामाचं, ते आपल्या कुत्र्याचं काम नाही. पूर्वीही नव्हतं आणि आता तर नाहीच नाही."

हे सगळं मला आमच्या प्राजूमुळं कळतं. ती शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली की आधी आक्कांच्या गोठ्यात जाते, मग घरात येते. तिनंच मला सांगितलं की ते 30 म्हणजे शेकडा तीस प्रथिनं आणि 20 म्हणजे शेकडा वीस चरबी. अमेरिकेत पॉइंटर, सेटर, लॅब्राडोर असली कुत्री पक्ष्यांच्या शिकारीला नेतात. सकाळी सोडली की अर्धा-अर्धा दिवस गवतातून हुंगत हिंडायचं, थंड पाण्यात उडी घालून मेलेलं बदक घेऊन यायचं, परत हिंडायचं. असल्या लांबलचक कामात कुत्र्याचं शरीर मुख्यतः चरबी जाळतं, म्हणून खाद्यात चरबी ठासून भरलेली. अलास्कात तर इडिटरॉड म्हणून बर्फातल्या गाड्यांची शर्यत असते, दीड हजार किलोमीटरच्या वर. तिथं गाडी ओढणारं एकेक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरीपर्यंत खातं.

"धा हजार म्हंजे किती, ते सांग."

"तुमच्या सर्जाला रोज तेराशेच्या आसपास पुरतात."

आक्कांनी हातातलं सूप खरंच खाली ठेवलं.

"आपलं करवानी हुंगत नाही आक्का, ते बघतं. बघितलं की सुटतं, आणि काय व्हायचं ते मिनिटभरात होतं. मग धापा टाकत सावलीला. उरलेला दिवस काय करतं?"

"पडून ऱ्हातंय. माणूस आलं तर एक डोळा उघडतंय."

"मग त्याला वीस टक्के चरबी कशाला? परदेशात ग्रेहाउंड म्हणून शर्यतीची कुत्री असतात, अंगानं अगदी आपल्या करवानीसारखी. त्यांच्यावर अभ्यास झालेत. नुसती प्रथिनं वाढवली, पिठूळ भाग कमी केला, तर ती कुत्री जोरात पळायच्या ऐवजी थोडी सावकाशच पळाली. आणि खाणं जरा आखडतं घेतलं तेव्हा वेग वाढला."

"हे मला सांगाय पायजे व्हय? मामंजी म्हणायचं, करवानीच्या कमरंची दोन हाडं दिसली पायजेत आणि फासळ्या मोजता आल्या पायजेत. लोक म्हणायचं, पाटील, कुत्र्याला उपाशी मारताय. मामंजी म्हणायचं, तुमच्या म्हशीवानी करू का मग?"

मामंजी बरोबर होते. विजूचा टायगर मात्र दोन महिन्यांपूर्वीच पाठीवर सपाट झाला होता, तेव्हा तर साधंच खाद्य चालू होतं. आता विजू हे नवं खाद्य मापटं भरून दोन वेळा घालतो. असल्या खाद्यात किलोला चार हजारांच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे टायगरसारख्या पडून राहणाऱ्या कुत्र्याला दिवसभरात तीनशे-सव्वातीनशे ग्रॅम झाले की बास. मापट्यात किती मावतं हे विजूनं कधी बघितलंय? आणि वर कहर म्हणजे जुनं खाद्य सकाळी संपलं, नवं संध्याकाळी चालू. मध्ये एक दिवस नाही. काल रात्रभर त्याच्या आईनं अंगणात पाणी ओतलंय, कशासाठी ते मी सांगत नाही, तुमचं जेवण झालंय.

"हागवण लागली व्हय?"

"आता तुम्हीच बोललात. खाद्य बदलायचं तर आठवडा-दहा दिवस घ्यावे लागतात. जुन्यात थोडं नवं, मग निम्मं-निम्मं, मग नवं. विजूला कुणी सांगायचं? तो म्हणतो, पोटातली घाण बाहेर पडतेय."

आक्का हसल्या, पण लगेच मुद्द्यावर आल्या. त्यांच्या नातवालाही, म्हणजे अभीला, तसलंच पोतं हवंय. गेले चार दिवस रुसून बसलाय. "मी म्हटलं, भाकरी खाऊन ह्यांच्या चार पिढ्या जगल्या, तुझं पेडिग्री काय सोन्याचं हाय का?" आक्का कुठल्याही पॅकिंगच्या खाद्याला पेडिग्रीच म्हणतात. दुकानदारही तेच म्हणतो, त्यामुळं इलाज नाही.

भाकरीला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही, हे मी आक्कांना सांगून टाकलं. कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला नुसतं मांस घाला, असं मोबाइलवर सांगणारे बरेच निघालेत. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं ताडून बघितली. पीठ पचवायला लागणारं जे जनुक, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती आणि कुत्र्यात कितीतरी जास्त. माणसाच्या चुलीजवळ राहून राहून कुत्रा भाकरीचा झालाय. ज्वारी त्याला पचते, मका पचतो, फक्त नीट शिजलेला पाहिजे.

"बघ! मी काय म्हणत हुते!"

"थांबा, पुढचं ऐका. पचते म्हणजे पुरते असं नाही. मागल्या खेपेच्या पिल्लांचे पुढचे पाय कसे झाले होते, आठवतंय?"

आक्का गप्प. आठवत होतंच. तीन पिल्लांचे पाय धनुष्यासारखे वाकले होते. भाकरी आणि कधीमधी खाटकाकडचे तुकडे. दोन्हीत फॉस्फरस बक्कळ, कॅल्शियम जवळपास नाही. वाढत्या हाडाला दोन्ही एका प्रमाणात लागतात. कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीनं तरी हवं, आणि दुपटीच्या वर नको. खाली आलं की हाड मऊ. आणि आपल्याकडं लोक दुसऱ्या टोकाला जातात. पिल्लाला चांगलं पॅकिंगचं खाद्य चालू करायचं, ज्यात सगळं आधीच मोजून घातलेलं असतं, आणि वर रोज दोन चमचे कॅल्शियमची बाटली. तेही वाईटच. मेडिकलवाला बाटली विकणारच, त्याचा तो धंदा आहे.

"मग घ्यायचं कुठलं? तू सांग, मी अभीला सांगते. निदान पोरगं जेवंल तरी."

"पोत्याचं तोंड बघायचं नाही, पाठ बघायची."

पुढं मी चित्र, वाघ-लांडगे, 'हाय प्रोटीन' असली अक्षरं सोडून पाठीमागचं बारीक टायपातलं काय वाचायचं ते सांगितलं. आधी हे शोधायचं की खाद्य पूर्ण आणि संतुलित आहे असं लिहिलंय का, आणि कुणासाठी. मोठ्या कुत्र्यासाठी, पिल्लासाठी, की सगळ्या वयांसाठी. हे लिहिलेलं नसेल तर ते तोंडी लावायचं, रोजचं जेवण नव्हे. अमेरिकेतली आफको ही संस्था किमान मापं ठरवते आणि आपल्याकडच्या बऱ्याच पोत्यांवरही तिचं नाव दिसतं. पाण्याचा अंश वगळून मोठ्या कुत्र्याला शेकडा 18 प्रथिनं आणि साडेपाच चरबी. पिल्लाला आणि पाजणाऱ्या कुत्रीला साडेबावीस आणि साडेआठ. हे किमान झालं, तुम्ही थोडं वरचंच घ्याल. पळणाऱ्या करवानीला पोत्यावर चोवीस-पंचवीस प्रथिनं आणि बारा ते पंधरा चरबी असली तरी माझ्या मते भरपूर.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पण शिजवण्याआधीच्या वजनानं. इथं मोठी गंमत आहे. 'ताजं चिकन' पहिलं लिहिलं की आपण खूश. ताज्या चिकनमध्ये सत्तरेक टक्के पाणीच असतं, ते दाणे वाळवताना उडून जातं. चिकनची वाळलेली भुकटी दुसऱ्या नंबरवर असली तरी कदाचित तिचीच प्रथिनं जास्त भरतात. आणि पहिले तिन्ही घटक धान्याचेच असतील, मांसाची भुकटी पार खाली, तर मग भाकरीच घाला की, ती तरी घरची असते.

"आनि किंमत?"

किमतीचा हिशोब मी कालनिर्णयच्या पानामागं मांडून तारेवरून पुढं केला. आक्का चौथी शिकलेल्या, पण दुधाच्या डेअरीचा फॅटचा हिशोब त्यांना तोंडपाठ, त्यामुळं हे त्यांना माझ्याआधी कळलं. सगळ्या पोत्यांवर कॅलरी छापलेल्या नसतात. मग प्राजूनं शिकवलेली रीत. शंभर ग्रॅम खाद्यातून प्रथिनं, चरबी, चोथा, पाणी आणि सात-आठ ग्रॅम राख वजा करायची. उरतो तो पिठूळ भाग. प्रथिनाच्या आणि पिठूळ भागाच्या ग्रॅमला साडेतीन कॅलरी, चरबीच्या ग्रॅमला साडेआठ.

समजा एक पोतं वीस किलोचं, 24 प्रथिनं, 12 चरबी, 4 चोथा, 10 पाणी, 8 राख. पिठूळ भाग उरला 42. शंभर ग्रॅमला कॅलरी झाल्या 333. दुसरं पोतंही वीस किलोचंच, पण 20, 8, 5, 12 आणि राख 9. पिठूळ 46, कॅलरी 299. सर्जाला तेराशे हव्यात. पहिल्यातलं रोज 390 ग्रॅम लागेल, दुसऱ्यातलं 435. पहिलं पोतं एक्कावन्न दिवस जाईल, दुसरं सेहेचाळीस. पहिलं चार हजाराला मिळतंय, दुसरं छत्तीसशेला. रोजचा खर्च काढला तर?

"अठ्ठ्याहत्तर रुपयं," आक्का म्हणाल्या. "दोनी बी."

"दोन्ही बी! चारशे रुपये वाचवले म्हणून माणूस दुकानातून हसत येतो. त्यात हलक्या खाद्याचा शेणसडा जास्त, कारण पचतं कमी. ते तुम्हीच उचलणार."

"ते तर मी रोज बघते. टणक, आटोपशीर असलं की कुत्रं धड. ढिगारा लागला की वाया चाललंय."

ह्या एका वाक्यासाठी प्राजूला वर्गात तासभर बसावं लागलं असेल.

मग सुट्ट्याचं निघालं. स्टँडजवळच्या दुकानात पोतं उघडं ठेवून किलोवर देतात, स्वस्त पडतं, अभी आतापर्यंत तेच आणत होता. मला ते अजिबात पसंत नाही. हे दाणे यंत्रातून शिजून फुगून बाहेर आले की त्यांच्यावर वरून चरबी फवारतात. चवीसाठी आणि बळासाठी. हवा आणि ऊन लागलं की तीच चरबी खवट होते. पावसाळ्यात तर त्यात ओल धरते, बुरशी येते. मक्यावरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, कुत्र्याचं लिव्हर खातं. अमेरिकेत 2020 च्या शेवटी त्याच कारणानं कोरडं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं, शंभराच्या वर कुत्री मेली. तिकडं ही गत, तर स्टँडवरच्या उघड्या पोत्याचं काय सांगावं? तेव्हा छोटं पोतं घ्या पण बंद घ्या, तारीख बघून घ्या. घरी डब्यात ओतू नका, पोत्यासकट डब्यात ठेवा, म्हणजे तारीख आणि नंबर हाताशी राहतो. उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा.

"आनि ते बिनधान्याचं म्हणत हुता अभी. तसलं बी असतंय म्हनं."

"असतं, आणि महागही असतं. धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं 2018 मध्ये त्याची चौकशी लावली, कारण असं खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांची हृदयं मोठी होऊन ढिली पडलेली आढळली. नक्की कशामुळं, हे ठाम ठरलेलं नाही. पण ज्वारीवर वाढलेल्या जातीला धान्याची भीती दाखवून जास्त पैसे काढायचे, हे मला तरी पटत नाही."

घालायच्या वेळेबद्दल मी आक्कांना काही शिकवायला गेले नाही. मामंजी सकाळी माळावर नेण्याआधी कुत्र्याला काही घालत नसत आणि आल्यावर धाप बसल्याशिवाय घालत नसत. करवानीची छाती खोल आणि कंबर बारीक. भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडायची भीती, आणि पीळ पडला की काही तासांत खेळ आटोपतो. मुख्य जेवण संध्याकाळी, हीच रीत बरी. फक्त भाकरी मटणाच्या रश्श्यात कुस्करायची सवय सोडा म्हटलं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. उकडलेलं अंडं घाला की त्यापेक्षा.

"आमची राणी तर अंड्यासाठी कोंबडीच्या मागं बसती. आता तर लईच भूक झालीया तिला."

"किती दिवस राहिले?"

"पुनवंला सहा आठवडं झालं. पोट खाली आलंया."

इथं मात्र मला थांबावं लागलं. सर्जाचं खाद्य आणि राणीचं खाद्य एकच, असं इतका वेळ आक्का धरून चालल्या होत्या आणि मीही काही बोलले नव्हते. कुत्री नऊ आठवड्यांत विते. पहिले सहा आठवडे तिला नेहमीएवढंच पुरतं, शेवटचे तीन हळूहळू वाढवत न्यायचं. आणि खरी भूक पिल्लं प्यायला लागल्यावर. सात-आठ पिल्लं असली तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याच्याही वर. तेवढी भाकरी तिच्या पोटात मावतच नाही. मग ती स्वतःचं अंग झिजवून दूध देते. माळावर दिवसभर हिंडणाऱ्या कुत्र्यासारखंच काम ते, फक्त जागेवर पडून.

"म्हंजे..." आक्कांचे डोळे बारीक झाले.

"म्हणजे थोड्या जागेत जास्त बळ असलेलं खाद्य. पिल्लांचं चालतं. किंवा..."

"किंवा विजूचं साडेनऊ हजाराचं!"

"मी तसं म्हणाले नाही."

"तू न्हाई म्हणालीस, मीच म्हणते. त्याच्या टायगरला ते सोसंना. पोतं तसंच पडून खवट हुनार."

"आक्का, त्याच्या पाठीवर बघावं लागेल. पिल्लांसाठी किंवा सगळ्या वयांसाठी असं लिहिलं असेल तरच. नुसतं मोठ्या कुत्र्यासाठी असेल तर नको. आणि राणीला आतापासून कॅल्शियमची बाटली पाजू नका हां. गाभणपणी उगाच जास्त घातलं तर व्याल्यावर शरीर स्वतःचं काढायला विसरतं, मग अंग कापतं, झटके येतात. आणि हेही एकदम नको, आठ दिवस भाकरीतून वाढवत न्या."

आक्का अर्धंच ऐकत होत्या. कंबरेवर हात देऊन वरच्या आळीकडं बघत होत्या. विजू गेल्या वर्षी राणीचं पिल्लू मागायला आला होता आणि मामंजींच्या काळापासून आक्कांच्या घरातून पिल्लू ओळखीशिवाय जात नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी साहेबाच्या राजाला अशीच कुत्री दिली होती, हे त्या कुणालाही ऐकवतात. 2005 मध्ये मुधोळ कुत्र्याचं पोस्टाचं तिकीट निघालं तेव्हा पोस्टमनला थांबवून त्यांनी सांगितलं होतं की हे आमच्याच सर्जाचं भावकीतलं.

"अभ्या! ए अभ्या! जा, विजूदादाला म्हणावं आक्कानं बोलावलंय. पोतं घेऊन ये म्हणावं, फोडलेलं असंल तसंच."

"अहो, पण तो पैसे मागेल."

"पैसं कशाचं? पिल्लू देते की एक. कुत्रा देईन, कुत्री न्हाई. आनि तू जाऊ नगंस, इथंच थांब, ते पाठीवरचं बारीक अक्षर वाचाय चष्मा लागंल."

मी चष्मा आणायला आत गेले. बाहेर आक्का अभीला ओरडून सांगत होत्या की येताना विजूकडून मापटंही घेऊन ये, नेमकं किती मावतं ते काट्यावर घालून बघू.